सकाळची न्याहारी आणि घरचें धान्य

सुशिक्षित कुटुंबांत दुपारच्या जेवणाचा जेवढा विचार होतो, तेवढा सकाळच्या न्याहारीचा होत नाहीं. ताटांत डावीकडे काय असावें, उजवीकडे काय वाढावें, पाहुणा आल्यास काय अधिक करावें, हें सारें ठरलेलें असतें. सकाळ मात्र जशी येईल तशी निभावून नेली जाते. कोणास सात वाजतां गाडी गांठावयाची असते, कोणास शाळा असते, कोणाची देवपूजा आटोपावयाची असते. ह्या धांदलींत चहाचा पेला आणि त्यांत बुडविलेलीं चार बिस्किटें किंवा दोन खाऱ्या एवढ्यावर घरांतील लहानथोरांची बोळवण होते. आमच्याही घरीं असेंच चाललें होतें. आणि त्यांत कांहीं चुकत आहे असें, पस्तीस वर्षें शाळेंत आहाराचा धडा शिकवूनही, आम्हांस कधीं वाटलें नव्हतें.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या तेरा वर्षांच्या नातीच्या शाळेंत मुलींची रक्ततपासणी झाली. ह्या वयाच्या मुलीचें हिमोग्लोबिन निदान १२ असावें. तिचें ९ भरलें. मुलगी जिना चढतांना धापा टाकी, दुपारीं वर्गांत तिला डुलकी येई. आम्ही त्यास आळस समजून तिला दोनदां रागेंही भरलों होतों. तो कागद हातीं आल्यावर आम्हांस आपलीच लाज वाटली. डॉक्टरांनीं लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि सहज विचारलें, "ही सकाळीं काय खाते?" ह्या प्रश्नाचें उत्तर आमच्या घरांतील अकरा माणसांपैकीं एकासही ताठ मानेनें देतां आलें नाहीं. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचा आम्हीं मागाहून केलेला अभ्यास होय. ज्या घरीं असाच प्रश्न उद्भवला असेल, त्यांस त्याचा उपयोग व्हावा एवढीच इच्छा.

आमच्या मुलखाचें धान्य

आमचें राहणें बारामतीस; मूळचें घर इंदापूर तालुक्यांतलें. हा सगळा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत पडतो. वर्षाकांठीं पाऊस पांचसहाशें मिलिमीटर, आणि तोही बेभरंवशाचा. सुपें-मोरगांवकडील माळरान जिराईत आणि नीरेच्या डाव्या कालव्याखालची पट्टी बागाईत, अशी ह्या मुलखाची उघड वांटणी आहे. जिराईतांत खरिपाची बाजरी आणि रब्बीचा शाळू हीं मुख्य पिकें. परतीच्या पावसाची ओल काळ्या रानांत मुरली कीं भाद्रपद-आश्विनांत शाळूची पेरणी होते आणि त्या सांठलेल्या ओलीवर तो माघ-फाल्गुनापर्यंत तयार होतो. मोहोळच्या संशोधनकेंद्रांत निवड केलेली 'मालदांडी ३५-१' ही शाळूची जात अजूनही सोलापूर व पुणें जिल्ह्यांत लोकांच्या आवडीची आहे. तिच्या पिठास अंगची गोडी असते आणि भाकरी पांढरीशुभ्र होते.

ज्या बारामतींत शके १६४० मध्यें श्रीधरस्वामींनीं 'शिवलीलामृत' पुरें केलें आणि जेथें पुढें मोरोपंतांनीं आपल्या आर्या रचिल्या, त्या बारामतीस कालवा ठाऊक नव्हता. भाटघरच्या पाण्यावर नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाहूं लागला. कालव्यामागून ऊंस आला, गुळाची पेठ वाढली, १९३० नंतरच्या दशकांत वालचंदनगरास साखरेचा कारखाना निघाला, स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने उभे राहिले. १९८० मध्यें उजनीचें धरण पुरें झाल्यावर भीमेकांठचीं कितीएक जुनीं रानें पाण्याखालीं गेलीं. आम्ही ह्या पाण्यास नांवें ठेवीत नाहीं. त्यानें ह्या भागाचें दारिद्र्य फेडलें. परंतु पैसा आला त्याबरोबर आणखी एक समजूत आली कीं, जोंधळा-बाजरी हें गरिबाचें खाणें आणि गव्हाची पोळी, पांव, बिस्किट हें सुधारलेल्याचें खाणें. ह्या समजुतीस मात्र आम्ही नांवें ठेवतों.

जगाचें चाक आतां उलटें फिरलें आहे. भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. आमच्या बारामतीजवळ माळेगांव खुर्द येथें २००९ मध्यें स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेंत अवर्षण, उष्णता व क्षारपड जमीन ह्यांस पिकें कशीं तोंड देतील ह्याचा अभ्यास चालतो. म्हणजे विद्वान् मंडळी आमच्या शिवारांत येऊन जिराईत पिकांचे गुण शोधीत आहेत, आणि आमच्या स्वयंपाकघरांत मात्र त्या पिकांस सकाळीं प्रवेश नाहीं!

१९७२ सालचा दुष्काळ पडला तेव्हां आम्ही नऊदहा वर्षांचे होतों. रेशनवर परदेशी लाल मिलो मिळे आणि दुष्काळी कामांवर सुकडी वांटली जाई. मिलोची भाकरी थापतां थापतां फाटे. अशा वर्षींही आमच्या मातुःश्री उतरंडीच्या तळच्या मडक्यांत शाळूचें मूठमूठ धान्य राखून ठेवीत आणि शाळेस जाण्यापूर्वीं आम्हां भावंडांस ताकांतली आंबील पाजीत. स्वतः त्या मिलोवर राहत. दुष्काळांत ज्या घरानें मुलांची सकाळ सांभाळली, त्याच घरानें सुकाळांत ती बिस्किटांच्या पुड्यावर सोपवावी, ही गोष्ट आमच्या मनाला फार लागली.

जुन्या न्याहारीचें मर्म

आम्ही जन्मभर संस्कृताचे विद्यार्थी. त्यामुळें कोणत्याही गोष्टीचा विचार करूं लागलों कीं शब्दांपासून आरंभ करण्याची खोड आहे. 'सातू' हें 'सक्तु' ह्या शब्दाचें मराठी रूप, 'लाही' हें 'लाजा' शब्दाचें. धान्याच्या कण्यांची जी पातळ पेज, तिला संस्कृतांत 'यवागू' म्हणतात. सक्तूचा उल्लेख थेट ऋग्वेदांत आहे, आणि हे पदार्थ कोणास केव्हां द्यावेत ह्याचा विचार आयुर्वेदाच्या ग्रंथांनीं केलेला आहे. भाजलेलें, फुटलेलें किंवा भरडलेलें धान्य ही आपली फार प्राचीन न्याहारी होय.

ह्या सर्व पदार्थांत एक समान गोष्ट आहे, ती आमच्या ध्यानांत उशिरां आली. सातू, लाह्या, भाजणी, दशमी, शिळी भाकरी, रात्रीं भिजविलेली आंबील, ह्यांपैकीं एकासही सकाळीं मोठा खटाटोप लागत नाहीं. मुख्य काम आधींच झालेलें असतें. कांहींचें आदल्या रात्रीं, कांहींचें महिन्यापूर्वीं. सकाळीं केवळ कालवावयाचें, ऊन करावयाचें किंवा थापावयाचें. सोंवळ्याओंवळ्याच्या नियमांनींही नकळत हेंच साधलें. धान्य आधीं भाजून केलेला पदार्थ 'धान्यफराळ' म्हणून चातुर्मासांत चाले, म्हणून घरोघर भाजणीचा डबा भरलेला असे. पीठ पाण्याऐवजीं दुधांत भिजविलें म्हणजे दशमी प्रवासांत चाले, म्हणून ती वाटेवरची न्याहारी झाली. नियमामागील समजूत आज कोणी मानो वा न मानो. घाईच्या वेळेसाठीं तयार अन्न घरांत असावें, ही त्यांतली व्यवस्था आजही घेण्याजोगी आहे. बिस्किटाच्या पुड्यानें आपलें मन जिंकलें तें ह्याच गुणानें. तोच गुण आपल्या घरच्या डब्यांत होता, फक्त डबे रिकामे पडले.

कोंड्याची किंमत

धान्याच्या दाण्याचे तीन भाग असतात: बाहेरचा कोंडा, टोंकाशीं असलेला अंकुर, आणि मधला पिठूळ गर. गरांत मुख्यतः पिष्ट असतें. चोथा, लोह आणि 'ब' वर्गांतील जीवनसत्त्वें ह्यांचा मोठा वांटा कोंड्यांत व अंकुरांत असतो. मैदा करतांना हे दोन्ही भाग काढून टाकतात, म्हणून तो पांढरा दिसतो आणि पुष्कळ दिवस टिकतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांप्रमाणें १०० ग्रॅम सबंध गव्हांत सुमारें ११ ग्रॅम चोथा असतो. मैद्यांत तो ३ ग्रॅमही भरत नाहीं. ज्वारींत सुमारें १०, बाजरींत व नाचणींत ११ ग्रॅम चोथा आहे. लोह बाजरींत सुमारें साडेसहा मिलिग्रॅम, ज्वारींत ४ मिलिग्रॅम. नाचणींत कॅल्शियम ३५० मिलिग्रॅमांहून अधिक, आणि ज्वारींत ३० च्या आंत. ह्यावरून एकच धान्य सर्व गुणांनीं पुरें नसतें, तीं आलटूनपालटून खावीं लागतात, हेंही दिसून येईल.

ह्या कोंड्याची किंमत जगास कोंबड्यांच्या एका खुराड्यानें शिकविली. १८९० नंतरच्या दशकांत जावा बेटांत आइकमान नांवाचे डच डॉक्टर बेरीबेरी ह्या रोगाचा शोध करीत होते. त्यांच्या कोंबड्या एकाएकीं लुळ्या पडूं लागल्या आणि कांहीं महिन्यांनीं तितक्याच एकाएकीं बऱ्या झाल्या. चौकशी केली तेव्हां कळलें कीं, मधल्या काळांत त्यांस लष्करी इस्पितळाच्या मुदपाकखान्यांतील सडीक तांदळाचा भात घातला जात होता. पुढें नवा आचारी आला. सैनिकांचा उंची तांदूळ कोंबड्यांस कशाला, म्हणून त्यानें तो देणें बंद केलें आणि त्यांस पुन्हां साधा, न सडलेला तांदूळ मिळूं लागला. कोंड्यांत जें जीवनसत्त्व होतें त्याच्या अभावीं हा रोग होतो, हें पुढें सिद्ध झालें आणि १९२९ मध्यें आइकमान ह्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. उंची म्हणून जें दिलें तेंच बाधलें, हें आमच्या बिस्किटांच्या पुड्याकडे पाहून आम्हांस वारंवार आठवतें.

येथें दोन गोष्टी सांगावयास हव्यात. पहिली ही कीं, धान्यांच्या प्रथिनांत जी उणीव असते ती डाळी-कडधान्यें भरून काढतात. म्हणून भाजणींत हरभरा-उडीद आणि सातूंत डाळें घालण्याची चाल शहाणपणाची आहे. दुसरी ही कीं, कोंड्यांतील लोह सगळेंच अंगीं लागत नाहीं, कारण त्याला धरून ठेवणारा एक आम्ल पदार्थ कोंड्यांतच असतो. धान्य भिजविलें, त्यास मोड आणले किंवा पीठ आंबविलें म्हणजे तो पदार्थ कमी होतो. लिंबू पिळल्यानें लोह अधिक पचतें, आणि न्याहारीबरोबर चहा घेतल्यानें कमी पचतें. म्हणून आमच्या घरीं चहा आतां न्याहारीनंतर तासाभरानें होतो. ह्या एका सुधारणेस आम्हांस सर्वांत अधिक मनोनिग्रह करावा लागला, हें कबूल केलें पाहिजे.

भाकरी कोण भाजणार?

इतका अभ्यास झाल्यावर आम्हीं, निवृत्त मास्तरास शोभेल अशा थाटांत, एका रविवारीं सर्वांस माजघरांत बसवून अर्धा तास व्याख्यान दिलें आणि उद्यांपासून बिस्किटें बंद, ताजी भाकरी सुरू, असा हुकूम सोडला. चार दिवस तो पाळला गेला. पांचव्या दिवशीं थोरल्या सूनबाई, ज्या येथील एका कचेरींत नोकरीस आहेत, पिठाचे हात तसेच घेऊन स्वयंपाकघराच्या दारांत आल्या आणि शांतपणें म्हणाल्या, "मामंजी, तुमचें म्हणणें मला पटलें आहे. पण चार दिवस मी पहांटे साडेचारला उठतें आहें. अकरा माणसांच्या भाकऱ्या भाजून साडेआठला कचेरींत जातें, आणि माझी स्वतःची न्याहारी तेथें चहा-बिस्किटांचीच होते. लेकीच्या अंगांत रक्त यावें म्हणून आईनें आपलें आटवावें काय?"

आम्ही निरुत्तर झालों. तेवढ्यांत आमच्या सौभाग्यवती आंतून म्हणाल्या, "अहो, सासूबाईंच्या हातची आंबील तुम्हांस आठवते; त्यांचे जात्यावरचे तास मात्र आठवत नाहींत."

त्याच आठवड्यांत आम्हीं घरांतील सर्व स्त्रियांचें रक्त तपासून घेतलें. सूनबाईंचें हिमोग्लोबिन साडेनऊ निघालें. नातीची चौकशी शाळेनें केली म्हणून ती झाली. तिच्या आईची चौकशी करण्याचें आम्हां कोणासच सुचलें नव्हतें. देशांतील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकीं ५७ स्त्रियांस पंडुरोग आहे, असें २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आढळलें. तो आंकडा आम्हीं वर्तमानपत्रांत वाचून सोडून दिला होता. त्यांतली एक स्त्री आम्हांस रोज वाढीत होती.

मग पुन्हां बैठक भरली. ह्या खेपेस व्याख्यान नव्हतें. तीन नियम ठरले. जें काम आदल्या दिवशीं किंवा आधींच्या महिन्यांत होऊं शकतें तें सकाळवर टाकूं नये. धान्य आणणें, निवडणें, भाजणें आणि गिरणींतून दळून आणणें हें पुरुषांचें काम. आणि न्याहारी करणारीनें सर्वांबरोबरच बसून खावें, मागाहून नव्हे. जातें गेलें, गिरणी आली, तरी दळणाची काळजी बायकांकडेच राहिली होती. ती आतां आमच्याकडे व आमच्या चिरंजीवांकडे आली. आमच्या हातून पहिल्याच खेपेस उडीद करपले आणि पंधरा दिवस सारें घर कडसर थालिपिठें निमूटपणें खात होतें. त्या पंधरा दिवसांत आमच्या हातास मंद आंच कळली.

चार डबे

आमची सारी व्यवस्था चार डब्यांवर उभी आहे. अकरा माणसांस पुरणारीं प्रमाणें पुढें दिलीं आहेत. लहान कुटुंबानें निम्मीं घ्यावीं.

पहिला डबा भाजणीचा. ज्वारी १ किलो. बाजरी, गहूं व सालीसकट हरभरे प्रत्येकीं अर्धा किलो. सालीचे उडीद व हातसडीचे तांदूळ प्रत्येकीं पाव किलो. धने १०० ग्रॅम आणि जिरें २५ ग्रॅम. प्रत्येक जिन्नस निराळा, मंद आंचेवर, खमंग वास सुटेपर्यंत भाजावा. एकत्र भाजल्यास बारीक दाणा जळतो आणि जाड दाणा कच्चा राहतो. पुरतें निवल्यावर किंचित् जाडसर दळावें आणि पीठ चाळूं नये. घट्ट झांकणाच्या डब्यांत ही भाजणी महिनाभर चांगली राहते. सकाळीं तींत चिरलेला कांदा, कोथिंबीर, तिखट, मीठ घालून कोमट पाण्यानें भिजवावी, ओल्या फडक्यावर थापावी, मधोमध भोकें पाडावीं आणि तव्यावर चमचाभर तेल सोडून झांकण ठेवावें. बरोबर दहीं किंवा घरचें लोणी.

दुसरा डबा सातूचा. गहूं १ किलो धुऊन, फडक्यावर पसरून, कोरडे झाल्यावर भाजावे. त्यांत अर्धा किलो फुटाण्यांचें डाळें व थोडी सुंठ किंवा वेलदोडे घालून बारीक दळावें. जुन्या बायका गहूं ओलवून, कांडून त्यांचा कोंडा काढीत. आम्ही तो राहूं देतों. चार चमचे पीठ दुधांत कालवून थोडा गूळ घालावा. ज्यास मधुमेह आहे त्यानें गुळाऐवजीं ताक व मीठ घ्यावें. ह्यास चूल लागत नाहीं. आमचा आठ वर्षांचा नातू आपला सातू आपणच कालवितो आणि धाकट्या बहिणीसही देतो.

तिसरा डबा ज्वारीच्या कण्यांचा. ज्वारी गिरणींत भरडून आणावी. चाळून जें पीठ निघेल तें भाकरीस वापरावें. रात्रीं एक वाटी कण्यांस चार वाट्या पाणी घालून त्या भिजत ठेवाव्या. सकाळीं त्याच पाण्यांत कुकरमध्यें मऊ शिजवून, निवत आल्यावर ताक व मीठ घालून, वर जिऱ्याची फोडणी द्यावी. ज्यांचे दांत गेले आहेत अशा वडील माणसांस ह्यासारखें दुसरें अन्न नाहीं. आमच्या थोरल्या वहिनी, ज्या पंचाऐंशींच्या घरांत आहेत, त्या ताककण्यांच्या दिवसाची वाट पाहतात.

चौथा डबा नाचणीचा. ती आमच्या रानांत होत नाहीं. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागांतून येते. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यांत बांधून मोड आणावे, सावलींत वाळवावी, हलकी भाजून दळावी. जुन्या रीतींत तिचें सत्त्व वस्त्रगाळ करीत. तान्ह्या मुलासाठीं तसें करणें योग्य. मोठ्यांसाठीं गाळल्यास चोथा उगीच वायां जातो. दोन चमचे पीठ थंड पाण्यांत गुठळी न होऊं देतां कालवून, पांचसात मिनिटें शिजवून, दूध किंवा ताक घालून प्यावें.

ह्यांखेरीज शिळी भाकरी आहेच. रात्रीं चार भाकऱ्या अधिक भाजून, निवल्यावर स्वच्छ फडक्यांत गुंडाळून ठेवाव्या. शिजलेलें पिष्ट निवलें म्हणजे त्यांतील कांहीं भाग पचावयास सावकाश होतो, असें आतां शास्त्रज्ञ सांगतात. मात्र कांदा किंवा भाजी घालून केलेली भाकरी रात्रभर ठेवूं नये.

पिठाविषयीं एक सूचना. ज्वारींत गव्हासारखा चिकटपणा नसतो. तिचें पीठ शिळें झालें कीं त्याची विरी जाते आणि भाकरी थापतांना कडा फाटतात. अशा वेळीं उकळत्या पाण्यानें भिजवावें. बाजरींत स्निग्धांश अधिक, म्हणून तिचें पीठ आठदहा दिवसांतच कडू होतें. पंधरवड्यास पुरेल इतकेंच ज्वारीचें आणि आठवड्यास पुरेल इतकेंच बाजरीचें पीठ दळून आणावें.

आठवड्याची वांटणी

सोमवारीं सातू, कारण तो दिवस सर्वांस घाईचा. मंगळवारीं ताककण्या. बुधवारीं शिळी भाकरी, मोडाच्या मटकीची उसळ आणि वर लिंबू. गुरुवारीं नाचणीची आंबील व मूठभर भाजलेले शेंगदाणे. शुक्रवारीं ज्वारीच्या लाह्या. लहानांस दुधांत, मोठ्यांस कच्चा कांदा व लिंबू घालून. शनिवारीं कचेरीस सुटी, म्हणून थालिपीठ. दोन तवे चुलीवर, आणि दुसऱ्या तव्यापुढें आमचे धाकटे चिरंजीव. रविवार मुलांच्या हवालीं. त्या दिवशीं पोहे, उपमा, क्वचित् पांव, काय हवें तें. हा एक दिवस मोकळा ठेवल्यापासून बाकीच्या सहा दिवसांची कुरकुर पुष्कळच कमी झाली. पौष महिन्यांत कोणा शेतकरी स्नेह्याचें आमंत्रण आलें तर सर्वांनीं शाळूच्या रानांत जाऊन हुरडा खावा. आगटींतून काढलेलीं, हातावर चोळलेलीं तीं ऊन कणसें खाल्लीं म्हणजे ज्वारी आवडत नाहीं असें म्हणणारा मुलगा आम्हीं अद्याप पाहिला नाहीं.

कांहीं शंका

कोणी विचारील, बाजारांत 'मल्टिग्रेन' म्हणून बिस्किटें व पांव मिळतात, ते कां घेऊं नयेत? घेण्यापूर्वीं पुड्याच्या पाठीमागील यादी वाचावी. जो जिन्नस वजनानें अधिक, तो आधीं छापावा असा कायदा आहे. पहिलें नांव मैद्याचें आणि दुसरें साखरेचें असेल, तर पुढील धान्यांचीं नांवें शोभेचीं समजावीं.

दुसरी शंका मधुमेह्यांची; आम्ही स्वतः त्यांतलेच. सबंध धान्यानें साखर सावकाश चढते हें खरें, पण धान्य तें धान्यच. ज्वारीच्या चार भाकऱ्या खाऊन औषध सोडूं नये. प्रमाण डॉक्टरांस विचारून ठरवावें. तसेंच ज्यांस गव्हांतील प्रथिन सोसत नाहीं, त्यांनीं भाजणींतून गहूं वगळावे आणि सातू घेऊं नये. ज्वारी, बाजरी व नाचणी त्यांस चालते, मात्र तीं धान्यें स्वच्छ, निराळीं दळलेलीं असावीं.

तिसरी शंका मुलांच्या आवडीची. चव ही संवयीची मुलगी आहे. पहिल्या महिन्यांत आमच्या नातवानें कण्यांस हात लावला नाहीं. आम्हीं आग्रह केला नाहीं, फक्त सर्वजण त्याच्यादेखत खात राहिलों. दुसऱ्या महिन्यांत त्यानें आपण होऊन वाटी पुढें केली.

शेवटीं दोन शब्द

चार महिन्यांनीं नातीचें हिमोग्लोबिन ११ झालें आणि वर्षाअखेर १२ च्या वर गेलें. सूनबाईंचेंही आतां साडेबारा आहे. ह्याचें श्रेय आम्ही आमच्या डब्यांस देत नाहीं; दोघींनींही डॉक्टरांच्या गोळ्या नेमानें घेतल्या आणि मुख्य काम त्या गोळ्यांनींच केलें. परंतु गोळ्या कांहीं जन्मभर घ्यावयाच्या नसतात. त्या थांबल्यावर रक्त टिकवावयाचें काम रोजच्या अन्नाचें. आणि तें आमच्या घरांत आतां होत आहे एवढें आम्ही म्हणूं शकतों.

वाचकांपैकीं जे घरचे कर्ते पुरुष असतील त्यांस आमची एक विनंती आहे. हा लेख वाचून झाल्यावर तो स्वयंपाकघरांत नेऊन देऊं नये. प्रथम स्वतः पिशवी घेऊन बाजारांत जावें, दोन किलो शाळू आणावा, निवडावा आणि गिरणींत नेऊन भरडून आणावा. मग घरांत काय करावें ह्याचा विचार सर्वांनीं मिळून करावा.

परवां सकाळीं आम्ही भाजणीसाठीं बाजरी भाजीत असतां नात शाळेस निघाली होती. दारांतून वळून म्हणाली, "आजोबा, आंच कमी करा, वास लागतो आहे." आम्हीं आंच कमी केली.